रॉकफर्ड, रसीन, साउथ बेंड: सोफी कुरिसच्या मागावर

हॉर्लिक्सच्या गावी जाऊन आले, पण हॉर्लिक्ससाठी नाही. मिशिगन तळ्याच्या पश्चिम काठावर, विस्कॉन्सिन राज्यात रसीन नावाचं शहर आहे. आपल्याकडे आजारपणात आणि परीक्षेच्या दिवसांत घरोघरी येणारी ती पावडर मूळची इथली. याच गावात हॉर्लिक साहेबांच्या नावाचं एक मैदान आहे आणि त्या मैदानावरच्या संघातल्या सोफी कुरिस नावाच्या मुलीने बेसबॉलच्या 1946 च्या एका हंगामात 201 बेस चोरले. हा आकडा मला माझ्या भाचीच्या लेकीने सांगितला. पोरगी शिकागोजवळच्या नेपरव्हिलला सॉफ्टबॉल, म्हणजे बेसबॉलचाच मोठ्या चेंडूचा प्रकार, खेळते. तिच्या कोचने सरावाच्या वेळी मुलींना सोफीची गोष्ट सांगितली होती, आणि जून महिन्यात मी तिकडे पोचले तेव्हा घरात दुसरा विषयच नव्हता. भाची म्हणाली, "मावशी, नायगरा तू आधीच बघितलायस. या वेळी हिच्या सोफीची गावं बघू या का?" गाडी तिची, नकाशा लेकीचा, आणि मागच्या सीटवर चिवड्याचा डबा सांभाळत मी.

ज्यांनी बेसबॉल बघितलेला नाही त्यांच्यासाठी आधीच सांगते. फलंदाज फटका मारून किंवा चार वाईट चेंडू मिळाल्यामुळे पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर, पोचते. पुढची मैत्रीण फटका मारेल तेव्हा पुढे सरकायचं, ही साधी रीत. पण पिचरने, म्हणजे गोलंदाजाने, चेंडू टाकायला हात फिरवला की कुणाच्या फटक्याची वाट न बघता पुढच्या बेसकडे सुटायचं, याला बेस चोरणं म्हणतात. क्रिकेटमध्ये नॉन-स्ट्रायकरने गोलंदाजाच्या हातातून चेंडू सुटताच एकटीनेच धाव काढायला निघावं, असा तो प्रकार. फलंदाजामागची कॅचर चेंडू झेलून जीव तोडून तिकडे फेकते, आणि तो पोचायच्या आत धावणारीने घसरत जाऊन बेसला पाय लावायचा. त्या वर्षी सोफीने 203 वेळा प्रयत्न केला. पकडली गेली फक्त दोनदा.

गुरुवार: शिकागो

'एल' म्हणजे शिकागो शहरातल्या रेल्वेची लाल लाइन, अ‍ॅडिसन स्टेशन, आणि उतरलं की समोरच रिग्ली फील्ड. आजूबाजूच्या घरांच्या गच्च्यांवरसुद्धा प्रेक्षकांच्या खुर्च्या लावलेल्या. मैदानाच्या भिंतीवर आयव्हीची वेल आहे, ती जूनमध्ये पूर्ण हिरवी असते. आतून बघायचं असेल तर गाइडेड टूर असतात. सामना असेल त्या दिवशी त्या कमी असतात, म्हणून आधी बघून जावं.

सोफीच्या कहाणीची सुरुवात इथली. तेव्हा मैदान आणि पुरुषांचा 'शिकागो कब्स' हा बेसबॉल संघ दोन्ही च्युइंगगमवाल्या फिलिप रिग्लींच्या मालकीचे. दुसऱ्या महायुद्धात तरुण खेळाडू सैन्यात जायला लागले, छोट्या गावांमधल्या लीग बंद पडायला लागल्या. मोठी लीगही थांबली तर स्टेडियम रिकामी राहतील, म्हणून 1943 मध्ये त्यांनी मुलींची व्यावसायिक लीग काढली. सुरुवातीला संघ चार: रॉकफर्ड पीचेस, रसीन बेल्स, केनोशा कॉमेट्स आणि साउथ बेंड ब्लू सॉक्स. मुली सॉफ्टबॉलच्या मैदानांवरून आणि अमेरिका-कॅनडातल्या गावागावांतून शोधून आणल्या. निवड याच रिग्ली फील्डवर झाली. मिशिगनमधल्या फ्लिंट गावची सोफी तेव्हा नुकती अठरा वर्षांची झाली होती.

आठवड्याला 45 ते 85 डॉलर पगार. त्या काळात कारखान्यात राबणाऱ्या त्यांच्या वडिलांनाही इतके मिळत असतील असं नव्हे. पण अटी ऐका. सार्वजनिक ठिकाणी पँट घालायची नाही. केस फार आखूड कापायचे नाहीत. लिपस्टिक हवीच. प्रत्येक संघाबरोबर एक देखरेख करणारी बाई, आणि दिवसभराच्या सरावानंतर संध्याकाळी हेलेना रुबिनस्टाइनच्या सौंदर्यशाळेचे धडे: कसं चालायचं, कसं बसायचं. हे सगळं सांगताना टूरवरचा गाइड हसत होता. आमची पोरगी हसली नाही.

आणखी एक गंमत. कब्सनी या मैदानावर दिव्यांखाली पहिला सामना खेळला तो 1988 मध्ये. त्याआधी 45 वर्षं, 1 जुलै 1943 च्या रात्री, तात्पुरते दिवे लावून मुलींच्या लीगचा ऑल-स्टार सामना इथेच झाला होता.

शुक्रवार: रॉकफर्ड

शिकागोहून रॉकफर्ड दीडशे किलोमीटरच्या आत आहे. टोल रस्ता आहे, गाडी भाड्याची असेल तर टोलचं यंत्र चालू आहे ना ते घेतानाच विचारावं.

रॉकफर्डचं नाव जास्त लोकांना ठाऊक आहे, कारण 1992 च्या गाजलेल्या हॉलिवूडपटात याच संघाला घेतलं. गावानेही ते मनावर घेतलंय. मिडवे व्हिलेज संग्रहालयात पीचेसचं दालन आहे. पंधराव्या अ‍ॅव्हेन्यूवरच्या बायर स्टेडियमची जुनी तिकिटाची खिडकी अजून उभी आहे, मैदान पुन्हा खेळण्यासारखं केलंय, आणि मुली-बायकांचं बेसबॉल जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय केंद्रासाठी समोरचीच जागा निवडली गेलीय. आम्ही पोचलो तेव्हा गवत कापायचं यंत्र चालवणाऱ्या एक बाई भेटल्या. सत्तरीच्या असतील. यंत्र बंद करून आमच्याकडे आल्या, पोरीला विचारलं, "कुठल्या पोझिशनला खेळतेस?" "सेकंड बेस." "मग जा की, उभी राहा तिथे." पोरगी धावत सुटली. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, इथे आलेल्या प्रत्येक लहान मुलीला मी हेच सांगते.

पीचेसचं श्रेय नाकारायचं कारण नाही. 1945, 1948, 1949 आणि 1950 अशी चार अजिंक्यपदं त्यांची. त्यांची फर्स्ट बेसवरची डोरोथी कॅमेनशेक 1946 आणि 1947 मध्ये लीगची सर्वोत्तम फलंदाज होती. पुढे पुरुषांच्या फोर्ट लॉडरडेल संघाने तिला घ्यायची तयारी दाखवली. ते आपलं प्रसिद्धीचं साधन करतील असं वाटून तिने नकार दिला. मला ती बाई इथूनच आवडायला लागली. पण आम्ही आलो होतो तिच्या प्रतिस्पर्धी मुलीसाठी, त्यामुळे दालनात भाचीची लेक रसीनचा उल्लेख शोधत फिरत होती आणि पीचेसच्या फोटोंकडे जरा रागानेच बघत होती.

जेवणाचं: हायवेजवळ सगळं नेहमीचंच मिळतं. आम्ही मैदानाशेजारी सावलीत बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. ऊन चांगलंच होतं. टोपी आणि पाणी घेऊन जा, तिथे सावली फार नाही.

शनिवार: रसीन आणि केनोशा

सकाळी निघालो तेव्हा नेपरव्हिलला घाम फुटत होता, आणि दीड तासाने रसीनला दार उघडलं तर स्वेटर शोधायची वेळ. तळ्यावरून वारा आला की किनाऱ्याच्या गावांचं तापमान एकदम उतरतं. जून असला तरी पातळ जॅकेट गाडीत हवंच.

आधी पोटपूजा. डेन्मार्कहून आलेल्या लोकांनी इथे 'क्रिंगल' आणलं: पापुद्रे पापुद्रे असलेलं मोठं लंबगोल कडं, आत पेकान किंवा फळांचं सारण, वर साखरेचा थर. विस्कॉन्सिनने 2013 मध्ये त्याला राज्याचा अधिकृत गोड पदार्थ ठरवलं. ओ अँड एच डॅनिश बेकरीत रांग होती पण भराभर सरकली. एक कडं चार माणसांना पुरतं. अंडं न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावं. त्यांच्यासाठी गावात ताजे चीज कर्ड्‌स मिळतात, चावताना दातांखाली चुकचुक आवाज येतो. पोरीने त्या आवाजासाठी अख्खी पिशवी संपवली.

हॉर्लिक बंधू इंग्लंडहून इथे आले, 1883 मध्ये त्यांनी माल्टेड मिल्कचं पेटंट घेतलं. लहान मुलं आणि आजाऱ्यांसाठीची ती पावडर ध्रुवावर जाणाऱ्या मोहिमांच्या सामानातही गेली. अंटार्क्टिकात चक्क हॉर्लिक पर्वतरांग आहे. जुन्या कारखान्याला किल्ल्याचे बुरूज काढलेत. तिथून जवळच नॉर्थ मेमोरियल ड्राइव्हवर विल्यम हॉर्लिक यांच्या नावाचं हॉर्लिक अ‍ॅथलेटिक फील्ड. सध्या तिथे रसीन रेडर्स अमेरिकन फुटबॉल खेळतात.

रॉकफर्डसारखं इथे कुणी आमच्यासाठी थांबलं नव्हतं. फाटकाशी एक काका कुत्र्याला फिरवत होते, त्यांना बेल्स माहीत होत्या, सोफी नाही. पोरीने त्यांना उभ्या उभ्या सगळी सोफी सांगितली. काका तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मी या गल्लीत जन्मलो, आणि हे मला तू सांगतेस?"

तर ती सोफी अशी. पहिल्याच वर्षी, 1943 मध्ये, बेल्सनी केनोशाला हरवून लीगचं पहिलं अजिंक्यपद रसीनला आणलं. सोफीच्या नावावर तेव्हा 44 बेस. पुढच्या वर्षी 166, मग 115, मग ते 201. त्यानंतर 142, 172, 137 आणि 1950 मध्ये 120. हे आकडे भाचीच्या लेकीने वहीत एकाखाली एक लिहिले होते. 1946 मध्ये तिने 113 सामने खेळले, म्हणजे सामन्यामागे जवळजवळ दोन चोऱ्या. नुसती वेगवान होती असंही नाही. त्या वर्षी 93 वेळा ती चार वाईट चेंडूंवर बेसवर गेली, म्हणजे बॅट आवरून उभं राहायचा धीर तिच्यात होता. पिचरचा खांदा, पाय, नजर यांचा अभ्यास करून कधी सुटायचं ते ठरवायची. वर्षाची सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली. लोक तिला 'टीना कॉब' म्हणायला लागले, टाय कॉब या बेस चोरण्यात नावाजलेल्या पुरुष खेळाडूवरून. मला विचाराल तर 'सोफी' पुरेसं होतं.

या मैदानावरचा तिचा सर्वांत मोठा दिवस सप्टेंबर 1946 चा. अंतिम मालिकेचा सहावा सामना, समोर रॉकफर्डच. त्यांच्या कॅरोलिन मॉरिसने नऊ इनिंग, म्हणजे एरवीचा अख्खा सामना, रसीनला एकही हिट (बेसवर पोचवणारा फटका) दिली नाही. इकडे बेल्सची जोअ‍ॅन विंटर मार खात होती, 13 हिट दिल्या, रॉकफर्डच्या मुली सारख्या बेसवर चढत होत्या, पण घरी, म्हणजे धाव पूर्ण होते त्या होम प्लेटवर, एकही पोचू दिली नाही. नऊ इनिंग संपल्या, दहा, बारा, शून्य-शून्य. चौदाव्या इनिंगमध्ये सोफी हिट मारून पहिल्या बेसवर गेली. दुसरा चोरला. तिसरा चोरायला निघालीच होती तेवढ्यात बेटी ट्रेझाने उजवीकडे फटका मारला, आणि सोफी तिसऱ्यावर न थांबता तशीच पुढे येऊन घसरत होम प्लेटवर. 1-0. अजिंक्यपद रसीनचं. लीगचे अध्यक्ष मॅक्स केरी तिथे होते. पुरुषांच्या मोठ्या लीगसकट आपण बघितलेल्या सगळ्या सामन्यांत हा सर्वोत्तम, असं ते म्हणाले. केरी स्वतः 738 बेस चोरलेला माणूस, त्यांचं म्हणणं हलक्यात घ्यायचं कारण नाही.

आता त्या घसरण्याबद्दल. गणवेश म्हणजे गुडघ्याच्या वर येणारा झगा. पुरुष घसरतात ते जाड पँटमध्ये. या मुली उघड्या मांडीने खडीमातीवर घसरायच्या. कातडं सोलवटून मोठे लाल चट्टे उठायचे, त्यांना त्या 'स्ट्रॉबेरी' म्हणत. जखम सुकायच्या आत दुसरा सामना. संघाबरोबरच्या बाईंनी सोफीसाठी कापडाचं गोल कडं करून दिलं होतं, जखमेला कपडा लागू नये म्हणून. 201 हा आकडा वाचताना मला तो झगा सारखा आठवत होता. लिपस्टिक लावून या पायांनी पुन्हा दुसऱ्या दिवशी!

संध्याकाळी केनोशा, पंधरा-सोळा किलोमीटरवर. जुन्या सिमन्स फील्डवर कॉमेट्सही खेळल्या होत्या. आता तिथे उन्हाळ्यात किंगफिश हा कॉलेजच्या मुलांचा संघ खेळतो. तिकीट स्वस्त, जागा छोटी, खेळाडूंचं बोलणं ऐकू येईल इतक्या जवळ बसता येतं. मोठ्या स्टेडियमपेक्षा बेसबॉल समजून घ्यायला अशी मैदानं बरी. शेजारच्या आजोबांनी स्कोअरकार्ड कसं भरायचं ते मला पेन्सिलीने शिकवलं. तिसऱ्या इनिंगला पश्चिमेकडून काळंकुट्ट आभाळ आलं, विजा, गारा. सगळे स्टँडखाली, हॉट डॉगच्या धुरात, एकमेकांना टॉवेल देतघेत. सामना रद्द झाला. आजोबांनी माझं अर्धं भरलेलं कार्ड बघून बरोबरची खूण केली.

गाडी नसेल तर: शिकागोहून केनोशापर्यंत मेट्राची लोकल जाते. रसीनला जवळचं अ‍ॅमट्रॅक स्टेशन स्टर्टव्हंट, तिथून टॅक्सी घ्यावी लागते.

रविवार: साउथ बेंड

तळ्याला दक्षिणेकडून वळसा घालून इंडियानात. गॅरीच्या पोलाद कारखान्यांच्या धुराड्यांमधून रस्ता जातो आणि मग अचानक वाळूच्या टेकड्या. साउथ बेंडचं घड्याळ शिकागोच्या एक तास पुढे आहे. संग्रहालयाची वेळ बघताना हे लक्षात ठेवा, नाहीतर दार बंद मिळेल. शिकागोहून साउथ शोअर लाइनची गाडीही थेट येते.

इथल्या हिस्टरी म्युझियममध्ये लीगचा अधिकृत संग्रह आहे. शेजारीच स्टुडबेकर गाड्यांचं संग्रहालय, भाचीचा नवरा आमच्याबरोबर असता तर तिथेच अडकला असता. गणवेश, ग्लव्ह, फोटो. चेंडू मात्र नीट बघावेत. 1943 चा चेंडू सॉफ्टबॉलचा, परीघ 12 इंच, आणि तो खालून हात फिरवून टाकायचा. दरवर्षी-दोनवर्षी चेंडू लहान होत गेला, बेसमधलं अंतर वाढत गेलं, 1948 पासून पिचर वरून हात आणून टाकायला लागल्या, आणि 1954 मध्ये लीग बंद पडली तेव्हा चेंडू पुरुषांच्या बेसबॉलचाच झाला होता. सोफीच्या 1946 च्या हंगामात बेसमधलं अंतर 70 फूट होतं, पुरुषांचं 90. कुणी हे सांगून तिचा आकडा खाली आणायला बघतात. पण कॅचरचा हातही तेवढाच जवळ होता की, आणि त्याच 70 फुटांवर बाकीच्या कुणाला 201 जमले नाहीत.

ब्लू सॉक्सची जीन फाउट इथली मानाची खेळाडू. पिचर. 1951 आणि 1953 मध्ये दोनदा तिने परफेक्ट गेम टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरची एकही मुलगी बेसवर गेली नाही.

लीगमध्ये अकरा-बारा वर्षांत सहाशेहून जास्त मुली खेळल्या. क्युबातून काही आल्या. एकही कृष्णवर्णीय मुलगी घेतली गेली नाही. मेमी जॉन्सनला तर निवडीच्या ठिकाणाहून परत पाठवलं होतं. ती, टोनी स्टोन आणि कॉनी मॉर्गन मग कृष्णवर्णीय पुरुषांच्या संघात, इंडियानापोलिस क्लाउन्समध्ये, पुरुषांबरोबर खेळल्या. मॉर्गनच्या आधी 1953 मध्ये स्टोन तिथे सेकंड बेसवर होती. सोफीचीच जागा. सोफीचं कौतुक करताना हेही सांगितलं पाहिजे, असं मी गाडीत म्हटलं, तेव्हा भाचीची लेक म्हणाली, "आजी, हे कोचने नव्हतं सांगितलं." वहीत तिने टोनी स्टोन लिहून ठेवलं.

बेल्स 1950 नंतर रसीन सोडून बॅटल क्रीकला गेल्या. सोफी 1952 मध्ये तिथे थोडं खेळली, आणखी 17 बेस चोरले, आणि थांबली. एकूण 1,114. पुरुषांच्या मोठ्या लीगमध्ये रिकी हेंडरसनने 1982 मध्ये 130 चोरले, तो तिथला आधुनिक काळातला एका हंगामाचा विक्रम. त्याची कारकीर्द 1,406 वर संपली, म्हणजे एकूण आकड्यात तो सोफीच्या पुढे गेला, एका हंगामाच्या आकड्यात नाही. नंतर सोफीने रसीनमध्येच यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम केलं, पुढे अ‍ॅरिझोनात राहायला गेली. 2013 मध्ये, 87 व्या वर्षी ती वारली.

कुणाला एकच दिवस काढता येणार असेल तर सगळे रॉकफर्डला जा म्हणतील, आणि लहान मुलं बरोबर असतील तर मीही तेच म्हणेन, तिथे मैदानावर उतरता येतं. पण मोठ्यांनी रसीन निवडावं. सकाळी बेकरी, मग हॉर्लिक फील्डला एक चक्कर, दुपारी तळ्याकाठचा विंड पॉइंट दीपस्तंभ. मैदान कधी उघडं असेल याचा नेम नसतो. बंद असलं तर बाहेरून फिरा आणि भेटेल त्या माणसाला सोफी कुरिस कोण ते सांगा. काकांनंतर बेकरीतल्या मुलीलाही आमच्या पोरीने सांगितलं. तिने वरून एक क्रिंगल फुकट दिलं, तेवढा फायदा आहेच.